स्कोअर टेबलावरून दिसलेले पॉइंट गार्ड

संपादकांचा फोन आला तेव्हा मी शिडीवर चढून रिंगची फाटकी जाळी बदलत होतो. ते आमच्याच कॉलेजात शिकले. बास्केटबॉलच्या टीममध्ये होते, पण बहुतेक बेंचवर असायचे. त्यामुळं खेळ त्यांनी नीट बघितलाय. म्हणाले, "मामा, इतकी वर्षं टेबलावर स्कोअर लिहिलात. तुमच्या डोळ्यांसमोर खेळलेले सगळ्यात भारी तीन पॉइंट गार्ड सांगा. एक, दोन, तीन, असे क्रमानं. दिवाळी अंकात छापतो."

मी शिडीवरूनच हाव, म्हणजे हो, म्हणून बसलो. खाली उतरलो तेव्हा भानावर आलो. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. आजवर जे काही लिहिलं ते आकडे. अंकात माझं नाव बघून कुणीतरी विचारेल, याचं सर्टिफिकेट कुठाय? ही भीती मला नवी नाही. ती घेऊनच मी टेबलावर बसत आलोय.

माझं गाव इस्लापूरकडं. किनवट तालुका. पावसाळ्यात धबधब्याचा आवाज आमच्या अंगणात येतो. तिथून लातूर म्हणजे बसमधला अख्खा दिवस. शाळा सुटली तसा हातात ब्रश आला. दुकानांच्या पाट्या रंगवत आधी नांदेडला आलो, मग एका ठेकेदाराबरोबर लातूरला. या कॉलेजच्या नव्या बास्केटबॉल कोर्टाच्या रेषा मारायचं काम होतं. दोन दिवसांचं काम. खानापुरे सर तेव्हा क्रीडा विभागाचे प्रमुख. घरचे व्यापारी, सकाळी महादेवाला पाणी घातल्याशिवाय मैदानावर पाय ठेवायचे नाहीत. ते माझ्या मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, "दोरी न लावता अर्धगोल मारलास का रे?" मी म्हणलं, "हाव." त्यांनी वाकून बघितलं, मग टाचेनं तपासलं. "थांबतोस का इथंच? जर्सीवर नंबर टाकायला माणूस पाहिजे."

थांबलो. अजून इथंच आहे. पुढच्या वर्षी रिटायर होईन.

नंबर टाकता टाकता सरांना माझे आकडे आवडले आणि एका स्पर्धेत नेहमीचा स्कोअरर आला नाही म्हणून त्यांनी मला टेबलावर बसवलं. खरं तर त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. माझ्याकडं शाळेचाच दाखला धड नव्हता, तर परीक्षा कुठली. सर म्हणाले, "दत्ता, कुणी विचारलं तर माझं नाव सांग. आणि कुणी विचारू नये असं लिही."

ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बास्केटबॉलमध्ये फळ्यावर जो आकडा दिसतो तो लोकांसाठी. खरा स्कोअर टेबलावरच्या कागदावर असतो, त्याला स्कोअरशीट म्हणतात. पहिला आणि तिसरा डाव लाल पेननं, दुसरा आणि चौथा निळ्यानं. साध्या बास्केटला दोन गुण. लांबच्या अर्धगोलाबाहेरून टाकली तर तीन. पाय रेषेला नुसता लागला तरी दोनच. फळ्यावरचा आणि शीटवरचा आकडा जुळला नाही तर शीट खरी. शेवटी मुख्य रेफरी सही करतो. सहीच्या आधी चूक सापडली तर दुरुस्त होते. सही झाली की साक्षात महादेव आला तरी आकडा बदलत नाही. म्हणून सरांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली, "बास्केट बघायची न्हाई. रेफरीची बोटं बघायची." रेफरी दोन बोटं खाली झटकतो की तीन वर करतो, तेवढंच लिहायचं. खेळ पाहणं हे स्कोअररचं काम नाही.

ते मला जमलं नाही. कारण पॉइंट गार्ड.

आपल्याकडच्या पंगतीत एखादा वाढपी असतो बघा. बाकीचे वाढत सुटतात, हा मात्र न विचारता बरोबर त्याच ताटाशी थांबतो जिथली भाजी संपलीय. कुणाला आग्रह करायचा, कुणाला नाही, भात आत्ता आणायचा का दोन मिनिटांनी, सगळं त्याच्या डोक्यात असतं. स्वतः तो शेवटी जेवतो. पॉइंट गार्ड तो. बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात बुटका. बॉल तोच घेऊन येतो आणि कुणाला द्यायचा ते तोच ठरवतो. गंमत अशी, की बास्केट टाकणाऱ्याचं नाव शीटवर येतं. ज्यानं बॉल तिथवर पोचवला त्याच्यासाठी आमच्या शीटवर रकानाच नाही. फाउल केला तर लिहितात. पास दिला तर काही नाही.

मला ते बरं वाटेना. म्हणून मी मांडीवर एक छोटी वही ठेवायला लागलो. एखाद्याच्या पासवर बास्केट पडली, की त्याच्या नंबरापुढं पेन्सिलनं एक ठिपका. कुणाला सांगितलं नव्हतं. मोरपीस ठेवतात ना पुस्तकात, तसं.

आता यादी. तीन नंबरला उदगीरचा मन्मथ. अडत दुकानदाराचा मुलगा, त्यामुळं गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत त्याला काय पाहिजे ते कळायची सवय. हा मैदानात सगळ्या सूचना कन्नडमधून द्यायचा. समोरची लातूर-नांदेडची पोरं नुसती बघत राहायची, तोवर बास्केट. एकदा समोर सीमेलगतच्या गावची टीम आली. मन्मथ ओरडला, "इल्ली बा." म्हणजे इकडं ये. त्याचा गडी पोचायच्या आधी समोरच्या टीमचे दोघं तिथं जाऊन उभे. त्यांनाही कन्नड येत होतं. मन्मथनं त्यांच्याकडं बघितलं, कमरेवर हात ठेवून हसला आणि उरलेला सगळा सामना एक शब्द न बोलता खेळून काढला. नुसत्या भुवयांवर. त्या दिवशी वहीत मी चौदा ठिपके मोजले.

एक नंबर मी शिडीवर असतानाच ठरवला होता. नांदेडचा इरफान, शिकायला आमच्या कॉलेजात आलेला. बापजाद्यांपासून शिवणकाम करणारं घर. याचा पास मला अजूनही स्वप्नात दिसतो. तोंड उजवीकडं, नजर उजवीकडं, समोरचा माणूस उजवीकडं पळतो आणि बॉल डावीकडं जमिनीवर एक टप्पा घेऊन बरोबर त्या पोराच्या हातात, ज्याला स्वतःलाच आपण मोकळे आहोत हे ठाऊक नाही. सुईत दोरा ओवावा तसं. मी एकदा विचारलं, "इरफान, हे कसं रे करतोस?" म्हणाला, "मामा, कैंची चलाते वक्त अब्बा कपडे को नहीं देखते. जहाँ जाना है, वहाँ देखते." पुढं तो नांदेडच्या एका कॉलेजात मुलींचा कोच झाला.

आणि दोन नंबरला मनीषा. किल्लारीची. भूकंपानंतर जे नवं गाव वसलं, त्यात वाढलेली. आधी जीप, मग बस असं करत कॉलेजला यायची. बास्केटबॉल तिनं कॉलेजात येऊनच पहिल्यांदा हातात घेतला. ती मूळची खो-खोची. खो-खोत पाटीवर बसलेल्याला पाठीमागचं कळावं लागतं, आणि पळणाऱ्याला कोण कुठल्या तोंडानं बसलंय ते. सर म्हणायचे, "हिला मागं डोळे हायती." बोलायची अगदी हळू. पण टीममधल्या बाकीच्या चौघी तिच्या एका मानेच्या हालचालीवर हलायच्या.

हिची गोष्ट सांगायची म्हणजे माझी चूक सांगावी लागेल. सांगतो.

मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल आमच्या मैदानावर होती. आमची टीम, कप्तान मनीषा, सात नंबरची जर्सी, तिचं शेवटचं वर्ष. समोर नांदेडची टीम, कोच इरफान. विद्यापीठाच्या टीमची निवड करणारे लोक खुर्च्या टाकून बसलेले. टेबलावर स्कोअरर मी. यजमान कॉलेजचा माणूस. त्याच महिन्यात माझी कायम करण्याची फाईल ऑफिसात फिरत होती. सगळ्या सह्या झाल्या होत्या, एक राहिली होती. बायको तेव्हा इस्लापूरला आईजवळ होती, लेकरांना लातूरच्या शाळेत घालू का नको, असं दर आठवड्याला विचारत होती. मी म्हणत होतो, थांब, फाईल होऊ दे.

शेवटच्या डावात तीन-चार मिनिटं उरली असतील. मनीषा बॉल घेऊन आली. दोघी अंगावर आल्या. आमची उंच सेंटर रिंगखाली हात वर करून उभी. मनीषानं तिच्याकडं बघितलं. सगळ्यांना कळलं, बॉल तिकडं जाणार. मलाही कळलं. आणि पास सुटायच्या आतच मी खाली मान घालून वहीत ठिपका मारला.

मान वर केली तर बॉल जाळीत. पास दिलाच नव्हता. सेंटरकडं बघत बघत तिनं स्वतः लांबून टाकला होता. पब्लिक ओरडलं, "थ्री, थ्री." नांदेडची एक मुलगी त्याच झटापटीत पडली होती, खेळ थांबला, सगळे तिच्याकडं धावले. रेफरीची बोटं मी बघितलीच नव्हती. विचारायला पाहिजे होतं. विचारलं तर म्हणतील, तू काय झोपला होतास? मी तीन लिहिले. फळ्यावाल्यानं माझं ऐकून तीन लावले.

सामना संपला. बावन्न-एक्कावन्न. आम्ही जिंकलो. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, कुणीतरी हलगी आणली होती ती वाजायला लागली. मुख्य रेफरी, परभणीकडचे मोठ्या मिशांचे गृहस्थ, पाणी पिऊन सहीसाठी टेबलाकडं निघाले.

त्यांच्या आधी मनीषा आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. टेबलावर दोन्ही हात टेकून, मला एकट्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मामा, एक जास्त झालाय."

"कुठं?"

"माझी लांबची. पाय रेषेवर होता. रेफरीनं दोन दाखवले. रेष तुम्हीच मारलीय मामा, तुम्हाला तर दिसाया पाहिजे होतं."

एवढं बोलून ती बाजूला झाली. रेफरीकडं गेली नाही, सरांकडं गेली नाही. बूट सोडल्यासारखं करत खाली बसली.

त्या पाच-सात सेकंदांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहायला मला लाज वाटते. सही झाली की संपलं. कुणालाच कळलं नाही. आमचंच कॉलेज जिंकलंय, साहेब लोक खुश आहेत, फाईलवर सही होईल. आणि बोललो तर पहिला प्रश्न येईल, स्कोअर कोण लिहीत होतं? आठवीत शाळा सोडलेला शिपाई? तोही यजमानांचा? खानापुरे सरांनी माझ्यासाठी इतकी वर्षं झाकून ठेवलेलं सगळं उघडं पडणार. सरांचंही नाव जाणार.

रेफरींनी पेन उघडलं. मी शीटवर हात ठेवला.

"साहेब, एक गुण माझा चुकलाय. सात नंबरची बास्केट दोनाची होती. मी तीन लिहिले."

हलगी थांबली. रेफरींनी शीट ओढून घेतली, बोट फिरवलं. "मी दोनच दाखवले होते. तुम्ही कुठं बघत होता?"

"चुकलं साहेब."

"कोण तुम्ही? परीक्षा कधी दिलीत?"

"दिली नाही. शिपाई आहे इथला."

"शिक्षण?"

"आठवी."

सर मागं येऊन उभे होते. माझ्या खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला, तो मला खांद्याला जाणवत होता. रेफरी शीटकडं बघत राहिले. लाल, निळे आकडे. एकावर एक गेलेला नाही, एक खाडाखोड नाही.

"आठवीत असे आकडे?"

"पेंटर होतो साहेब."

त्यांनी चुकीच्या जागी बारीक सही केली. मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले. मग मोठ्यानं म्हणाले, "एक्कावन्न-एक्कावन्न. पाच मिनिटं जादा. टीम बोलवा." मी खुर्ची सोडून उठलो, तसे माझ्याकडं वळून, "बसा. उठलात कशाला? पेन निळंच ठेवा. आणि बोटं बघा."

मी बसलो. वही पायाखाली सरकवली. ती पाच मिनिटं मी फक्त बोटं बघितली. आमची टीम दोन गुणांनी हरली.

विद्यापीठाच्या टीममध्ये नांदेडच्या गार्डला घेतलं. मनीषाला राखीवमध्ये ठेवलं. राखीवमध्येच तिचं वर्ष संपलं. याचं ओझं माझ्यावर आहे, ते कुणी उतरवू शकत नाही. माझी फाईल मात्र झाली. सर मला त्या चुकीबद्दल कधीही एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त पांढऱ्या रंगाचा डबा माझ्यासमोर ठेवला. "तीनची रेष पुन्हा मार. जरा जाड मार." लेकरं लातूरला आली, शिकली. मांडीवरची वही मी त्या दिवसानंतर कधी नेली नाही.

मनीषाचा प्रामाणिकपणा मी जन्मभर विसरणार नाही, पण प्रामाणिकपणा वेगळा आणि खेळ वेगळा, असं म्हणून मी यादीत तिला दोनवर ठेवलं होतं. छापण्याआधी इरफानला विचारावं म्हणून फोन केला. सांगितलं, "तुला एकवर टाकून राहिलो."

पलीकडं शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो बंद झाला. "दोनवर कोण?"

"मनीषा. किल्लारीची."

"मामा, उलटा करो."

"का?"

"त्या दिवशी सामना सुटल्यावर मी आमच्या बेंचवरची स्कोअरची वही बघितली. एक्कावन्न-एक्कावन्न. माझी पोरगी पडली होती तेव्हा माझं लक्ष तिच्या पायाकडं, म्हणून आधी कळलं नव्हतं. वही बघितली आणि माझं डोकंच फिरलं. घरचं मैदान, घरचा माणूस टेबलावर, एक गुणानं जिंकले. मैं उठ गया था मामा. टेबलावर हात आपटून सगळ्यांसमोर म्हणणार होतो, इथं चोरी होऊन राहिलीय. तुम्ही मला चहा पाजलेला, माझ्या जर्सीवर नंबर काढलेला, ते पण त्या घडीला आठवलं नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या पोरीनं मला उठताना बघितलं. पोरी तिच्या गळ्यात पडलेल्या, त्यांच्यातून तिनं मला बघितलं. आणि दो कदम तेज चली. माझ्या आधी पोचली. मग तुम्ही स्वतः बोललात, म्हणून चूक चूकच राहिली. मी आधी पोचलो असतो तर ती चोरी झाली असती. तुमची नोकरी, सरांची इज्जत, सब गया था. दोन पावलं मामा. तेवढाच फरक आहे तिच्यात आणि माझ्यात. लेकिन फरक है."

फोन ठेवला. इतकी वर्षं ती गोष्ट मी एका बाजूनंच बघत होतो.

मनीषा आता एसटीत कंडक्टर आहे. गेल्या महिन्यात गावी निघालो, लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत चढलो, तर तीच. गाडी खचाखच. मी दाराशीच तिला गाठलं.

"इरफान टेबलाकडं येताना तुला दिसला होता?"

तिनं मशीनवर बटणं दाबत दाबत विचारलं, "कवा?" मग आठवलं तशी हसली. "दिसला की. लई तावात होता."

"मग तू सरळ रेफरीला का नाही सांगितलं? सहीच व्हायची होती. मी बोललो नसतो तर?"

"मी सांगितलं असतं तर तुम्ही पकडले गेले असता. तुम्ही सांगितलं तर तुम्ही सांगितलं." तिकीट माझ्या हातात दिलं. "रिंगखाली उभा असलेल्याला पास द्यायचा मामा. टाकायचं त्यानं. त्यो टाकील का न्हाई, हे बघत बसायचं नसतं."

"अन् तुझी विद्यापीठाची टीम?"

ती जरा थांबली. "वाईट वाटलं व्हतं. किल्लारीपस्तोर रडत गेले जीपमधी." मग मागून कुणीतरी सुट्ट्यासाठी ओरडलं, तशी ती गर्दीत शिरली.

पाठमोरी होती. मागं न बघताच म्हणाली, "मामा, डाव्या हाताला तिसरं सीट धरून उभं राहा. खिडकीतले काका चाकूरला उतरतेत."

मी जाऊन उभा राहिलो. चाकूर आलं. काका उठले. मी बसलो. खिशात पेन्सिल होती, तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक ठिपका मारला.